कंटेनरचं घर: ताकद कुठे असते आणि कापल्यावर कुठे जाते

प्रश्न असा आहे: उरणच्या यार्डातून जुना ४० फुटी कंटेनर घ्यायचा, अलिबागजवळच्या जागेवर ठेवायचा, एक लांब बाजू पूर्ण कापून तिथे काच लावायची आणि दोन खोल्यांचं घर करायचं. जहाजावर एकावर एक आठ-नऊ थर रचले तरी कंटेनर टिकतो, मग घराचा भार त्याला काय जड? आणि हे बांधकामापेक्षा स्वस्तच पडेल ना?

कंटेनर टिकतो हे खरंच आहे. पण ती ताकद न कापलेल्या पेटीची असते. लांब बाजू कापली की ती जाते आणि वेगळं लोखंड घालून परत आणावी लागते. खर्चाचं गणित बहुतेकांचं तिथेच चुकतं. त्यासाठी ही पेटी अशी का घडली हे आधी बघू, कारण घर करताना आडवी येणारी जवळपास प्रत्येक गोष्ट तिच्या इतिहासातून आली आहे.

२६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल-एक्स’ हे पेट्यांसाठी बदल करून घेतलेलं तेलवाहू जहाज अमेरिकेतल्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. डेकवर ५८ पेट्या होत्या. मालक माल्कम मॅक्लीन मूळचे ट्रकच्या धंद्यातले. सुटा माल हमालांकरवी जहाजात चढवायला तेव्हा टनामागे ५.८६ डॉलर पडत; पेटीतून तोच खर्च १६ सेंटच्या आसपास आला. पेटीची रुंदी ८ फूट ठेवली, कारण तिथल्या रस्त्यांवर तेवढ्याच रुंदीचा ट्रक चालत असे. लांबीबाबत मात्र कुणाचं एकमत नव्हतं. मॅक्लीनच्या पेट्या ३५ फुटी, पॅसिफिकमधल्या मॅटसन कंपनीच्या २४ फुटी. १९६० च्या दशकात आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या समित्यांनी १०, २०, ३० आणि ४० फूट हे माप ठरवलं आणि १९६८ मध्ये मानक निघालं. एका ४० फुटीच्या जागी दोन २० फुटी बसायला हवेत, म्हणून २० फुटीची खरी लांबी ६.०५८ मीटरच आहे. दोन पेट्या आणि मधली ७६ मिलिमीटरची फट मिळून १२.१९२ मीटर, म्हणजे बरोबर ४० फूट होतात. दोन २० फुटींवर एक ४० फुटी रचणाऱ्यानं ही ७६ मिलिमीटरची फट नकाशात धरली नाही, तर वरचे कोपरे खालच्यावर बसतच नाहीत.

पेटीचा प्राण मात्र कोपऱ्यात आहे. कीथ टँटलिंगर या इंजिनिअरनं कोपऱ्याचा ओतीव ठोकळा आणि त्यात फिरून अडकणारा ट्विस्टलॉक घडवला. मॅक्लीनच्या सी-लँड कंपनीनं त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं केलं आणि आजचा कोपरा त्यावरूनच आला. जहाजावर वरच्या पेटीचं वजन खालच्या पेटीच्या छतावर कधीच येत नाही. ते या आठ ठोकळ्यांमधून आणि चार खांबांमधून उतरतं. कंटेनरवरची सुरक्षेची पाटी पाहा: जुन्या पेट्यांवर रचण्याचा भार सहसा १,९२,००० किलो लिहिलेला असतो, म्हणजे वर २४ टनांच्या ८ भरलेल्या पेट्या. त्याच पेटीच्या छताची चाचणी मात्र ६०० × ३०० मिलिमीटर जागेवर फक्त ३०० किलो ठेवून घेतात, कारण छतावर जास्तीत जास्त माणसं चढणार एवढीच अपेक्षा आहे. खांब ६ मिलिमीटर जाडीचा, भिंतीचा पत्रा जेमतेम १.६ मिलिमीटर, छताचा २. म्हणून छतावर मातीची बाग, पाण्याची टाकी किंवा गच्ची करायची, तर तिचा भार स्वतंत्र फ्रेमनं थेट कोपऱ्यांवर आणावा. पेटी मातीत पुरायचा विचार तर सोडूनच द्या. अडीच मीटर खोलीवर मातीचा आडवा दाब दर चौरस मीटरला दोन टनांच्या पुढे जातो आणि १.६ मिलिमीटरचा पत्रा आत येतो.

आता तुमची लांब बाजू. नागमोडी पत्र्याची ती भिंत म्हणजे १२ मीटर लांब आणि जवळपास ३ मीटर उंच अशी तुळई आहे. वरची रेल ६० × ६० × ३ मिलिमीटरची चौकोनी नळी, खालची रेल ४.५ मिलिमीटर जाडीचं चॅनेल. या दोघींना पत्रा एकत्र बांधून ठेवतो. पत्रा काढला की वरची नळी १२ मीटरवर स्वतःच्या वजनानंसुद्धा झुकते. शिवाय वाऱ्यानं पेटी तिरपी होऊ नये म्हणून धरणारा ताणही त्याच पत्र्यात होता. २० फुटीची एक पूर्ण बाजू काढली तर वरच्या रेलला १५० × ७५ चॅनेलचा जोड देऊन हलक्या छताचं काम भागतं. ४० फुटीला एवढ्यानं होत नाही. मध्ये निदान एक खांब, त्याखाली स्वतःचा पाया, आणि टोकाच्या चौकटींना कोपऱ्यात कडक जोड हवेत. नेमके आकार स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच काढून घ्या. एवढं लोखंड घातल्यावर जुन्या पेटीचे चार खांब आणि तळ एवढंच उपयोगाचं उरतं, आणि तेवढ्यासाठी नवीन एमएस (साध्या पोलादाची) फ्रेम उभी करणं बरेचदा सोपं आणि सरळ पडतं. दोहाच्या ‘स्टेडियम ९७४’ मध्येही ९७४ कंटेनर आहेत, पण भार वेगळ्या पोलादी सांगाड्यावर आहे. कंटेनर त्यात खोल्या म्हणून बसवले आहेत.

रुंदीचा मुद्दा याहून कडू आहे. बाहेरून ८ फूट म्हणजे २.४३८ मीटर, आतून २.३५२. दोन्ही बाजूंना ५० मिलिमीटर इन्सुलेशन आणि बोर्ड लावला की हातात २.२ मीटर उरतात. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये राहण्याच्या खोलीची किमान रुंदी २.४ मीटर, क्षेत्रफळ ९.५ चौरस मीटर आणि उंची २.७५ मीटर आहे. वातानुकूलित खोलीला २.४ मीटर उंची चालते. साध्या कंटेनरची आतली उंची २.३९ मीटर, एक फूट जास्त उंच असलेल्या हायक्यूबची २.६९. म्हणजे घरासाठी हायक्यूबच घ्यायचा, तोही वातानुकूलित खोली धरून, आणि तरीही एकट्या पेटीतली खोली नियमाच्या रुंदीत बसत नाही. ‘पत्र्याचं आहे, उचलून नेता येतं, परवानगी कशाला?’ असं विकणारे सांगतात, त्यावर विसंबू नका. एमआरटीपी या राज्याच्या नगररचना कायद्याखाली हेही बांधकामच आहे, आणि किनाऱ्यालगत सीआरझेडचा, म्हणजे किनारी पट्ट्यातल्या बांधकामबंधनांचा, प्रश्न वेगळा.

यावर चांगला तोडगा म्हणजे पेट्या न कापता दोन पेट्यांमधली जागा वापरणं. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमधल्या ओनागावात वास्तुविशारद शिगेरू बान यांनी २० फुटी कंटेनर बुद्धिबळाच्या पटासारखे एक आड एक रचून तीन मजल्यांपर्यंत तात्पुरती घरं केली. बंद पेट्यांत झोपण्याच्या आणि न्हाणीच्या खोल्या, आणि मधल्या मोकळ्या चौकटीत मोठ्या काचेची बैठकीची खोली. भार कोपऱ्यावरून कोपऱ्यावर, पेटीची बाजू शाबूत. तुमच्या जागेवरही एका ४० फुटीऐवजी दोन २० फुटी हायक्यूब साडेतीन मीटर अंतरावर समांतर ठेवा आणि दोन्ही पेट्या व मधली जागा यांवर मिळून एकच पत्र्याचं छप्पर घ्या. मधली खोली हवी तेवढी रुंद होते, काच तिथे लागते आणि पेट्यांत स्वयंपाकघर, न्हाणीघर, सामान अशा अरुंद चालणाऱ्या गोष्टी जातात. शिवाय कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर ४० फुटी ट्रेलर वळत नाही, विजेच्या तारा आडव्या येतात. २० फुटी मात्र पोचते आणि साधी हायड्रा क्रेन ती उतरवते, कारण तिचं वजन सव्वादोन-अडीच टनच असतं. २० फुटीत हायक्यूब यार्डात कमी दिसतात. थोडं थांबावं लागलं तरी थांबा.

यार्डात गेल्यावर रंगाकडे पाहू नका, तो मागच्या आठवड्यात मारलेला असतो. दोन्ही दारं लावून आत पाच मिनिटं उभे राहा. जिथून उजेडाचा ठिपका दिसेल तिथून पाणी येणार. मग पेटी उचलायला लावून खालून तपासा: आडवी चॅनेलं वाकलेली आहेत का, फोर्कलिफ्टच्या खिशांच्या कडा कुजल्या आहेत का, दाराखालच्या रबराआड किती गंज आहे. छतावर चढून खळगे बघा. पाणी साठलेला खळगा आतून आधी सडतो. ४० फुटीच घेत असाल, तर पुढच्या टोकाला ट्रेलरसाठी सुमारे सव्वातीन मीटर लांब स्टीलचा बोगदा तळात असतो. त्या भागात संडास-मोरीचा निचरा काढता येत नाही, म्हणून ओली जागा दाराकडच्या टोकाला घ्यावी. आत उग्र वास किंवा डाग असतील तर ती पेटी सोडा, मागे काय वाहून नेलं ते कुणी सांगणार नाही.

कागदपत्रांकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. परदेशी कंटेनर सीमाशुल्काच्या सवलतीनुसार सहा महिन्यांत परत बाहेर नेण्याच्या बंधपत्रावर शुल्क न भरता देशात येतो. तो इथे विकायचा तर शुल्क भरलेलं असायला हवं. विक्रेत्याकडून बिल ऑफ एंट्रीची (सीमाशुल्काकडच्या आयातीच्या कागदाची) प्रत मागा आणि त्यावरचा नंबर पेटीवरच्या नंबराशी ताडून पाहा: चार अक्षरं, त्यातलं शेवटचं ‘यू’, मग सहा आकडे आणि चौकटीतला एक तपासणी आकडा. यार्डात ‘कंटेनर’ म्हणून जे नवे चकचकीत केबिन दाखवतात, ते बऱ्याचदा शिपिंग कंटेनर नसतातच. ते शेडमध्ये पातळ पत्रा आणि चॅनेलवर बनवलेले पोर्टा केबिन असतात. ऑफिसला ते उत्तम. पण त्यांना ओतीव कोपरे नसतात, म्हणून एकावर एक ठेवू नयेत.

पायाकडे वळू. जांभ्यावर काम सोपं आहे. काळी माती असेल तर मुरुमापर्यंत खाली जा. चार कोपऱ्यांखाली चार काँक्रीटचे पेडेस्टल (बुटके खांब), जमिनीपासून ४५० ते ६०० मिलिमीटर उंच, वर ३०० × ३०० × १२ मिलिमीटरची प्लेट चार २० मिलिमीटर बोल्टांवर. सपाट कोब्यावर पेटी थेट ठेवायची नाही. खालचे कोपरे बाकीच्या तळापेक्षा फक्त १२.५ मिलिमीटर खाली असतात. एवढ्या फटीत पावसाळ्यात ओल कोंडते आणि आडवी चॅनेलं खालून खाऊन टाकते, तीही दिसू न देता. कोपरे प्लेटला वेल्ड करा किंवा ट्विस्टलॉकनं अडकवा. ‘एवढं जड धूड, जाणार कुठे?’ असं वाटतं, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. मुंबई पट्ट्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात; त्याचा दाब चौरस मीटरला ११८ किलोच्या आसपास येतो. ४० फुटी हायक्यूबची बाजू ३५ चौरस मीटर, म्हणजे सव्वाचार टनांच्या आसपास आडवा धक्का, आणि रिकाम्या पेटीचं स्वतःचं वजन सुमारे ३.९ टन. न बांधलेली पेटी आधी सरकते, मग उलटूही शकते. जून २०२० चं निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आलं होतं.

पातळी बघायला पेटीचं दारच वापरा. दोन्ही दारं लावून बाहेरून वरच्या कडा पाहा. एक दार दुसऱ्यापेक्षा ५ मिलिमीटरही खाली दिसत असेल किंवा दांडा कडीत ओढून बसवावा लागत असेल, तर पेटी पिळलेली आहे. कोपऱ्याखाली एक-एक मिलिमीटरच्या पट्ट्या सारत जा. कडा जुळल्या आणि दांडा हातानं सहज फिरला की चारही कोपरे एका पातळीत आले. कापाकापी त्यानंतरच. पिळलेल्या पेटीत खिडकी कापली की पीळ चौकटीत कायमचा बसतो आणि सरकती काच पुढे कधीच नीट चालत नाही.

खिडकी कापताना पत्र्याच्या नागमोडीचा विचार करा. एक लाट साधारण २७८ मिलिमीटरची, खोली ३६. उभा काप नेहमी लाटेच्या बाहेरच्या सपाट भागावर घ्या, म्हणजे चौकट सरळ रेषेत बसते. आडवा काप लाटा ओलांडतोच. तिथे ३६ मिलिमीटर खोलीच्या समलंब चौकोनी फटी उरतात, त्या बाहेरून अँगल लावून बंद करा, आणि वरच्या अँगलला पाणी पुढे टपकेल असा ओठ ठेवा. चौकट ५० × ५० × ३ नळीची, तीन मीटरपेक्षा कमी रुंदीच्या खिडकीसाठी. गॅस कटर वापरू नका. पातळ पत्रा तापून फुगतो. ग्राइंडरनं कापा, कडेचा रंग ५० मिलिमीटर खरवडून काढा आणि वेल्डिंग तुकड्यातुकड्यांनी, जागा बदलत करा. जुन्या रंगात जस्त, कधी क्रोमेट असतं. त्या धुरात मास्कशिवाय वेल्डरला उभं करू नका. पेटीची मूळ दारं आतून उघडत नाहीत, म्हणून आतून उघडणारा दुसरा दरवाजा झाल्याशिवाय आत कुणी झोपायचं नाही. भिंतीवरच्या छोट्या झडपा मालासाठी असतात, माणसाच्या श्वासाला त्या पुरत नाहीत.

लाकडी तळ २८ मिलिमीटर प्लायचा असतो आणि त्याला कीटकनाशक पाजलेलं असतं. कशाची प्रक्रिया झाली ते दारावरच्या पाटीवर लिहिलेलं सापडतं. दुकान किंवा गोदाम असेल तर इपॉक्सीचे दोन हात आणि वर व्हिनाइल पुरे. लहान मुलं झोपणार असतील तर प्लाय काढा आणि १८ मिलिमीटर सिमेंट बोर्ड टाका. स्क्रू गंजून घट्ट झालेले असतात, कापूनच काढावे लागतात, त्याचा वेळ धरा.

उष्णतेत आणि ओलीत कंटेनरचं घर सगळ्यात जास्त फसतं. उघड्या पत्र्यातून उष्णता जवळजवळ अडथळ्याविना येते. रात्री उलट होतं: निरभ्र आकाशाखाली छप्पर हवेपेक्षाही गार पडतं, आतल्या श्वासाची वाफ त्याला चिकटते आणि पहाटे अंथरुणावर थेंब पडतात. लोक गळती शोधत बसतात, ती गळती नसतेच. यावर पत्र्याला आतून थेट चिकटणारा ५० मिलिमीटरचा स्प्रे पीयूएफ (फवारून फुगणारा पॉलियुरेथेन फोम) सर्वांत खात्रीचा. तो लाटांत फट ठेवत नाही, म्हणून वाफेला गार पत्रा सापडत नाही. ग्लासवूल लावायची तर आतल्या बाजूनं वाफरोधक थर सलग हवा. जोड उघडा राहिला की लोकर भिजते, मागे पत्रा गंजतो आणि भिंत उघडेपर्यंत कळत नाही. बोर्ड अडकवायच्या लोखंडी पट्ट्या थेट पत्र्याला वेल्ड केल्या तर त्या पट्ट्यांवाटे उष्णता आत येते. मध्ये लाकडाची किंवा रबराची पट्टी द्या. पीयूएफ जळतो आणि त्याचा धूर घातक असतो: त्यावर १२ मिलिमीटर जिप्सम किंवा सिमेंट बोर्ड हवाच, आणि सगळं वेल्डिंग फवारणीच्या आधी संपलेलं हवं. नंतर बाहेरून लावलेला एक साधा ब्रॅकेटसुद्धा आतल्या फोमला आग लावतो.

इन्सुलेशनहूनही आधी करायचं काम म्हणजे वरचं दुसरं छप्पर. पेटीच्या छतापासून ३०० ते ४५० मिलिमीटर वर, उतारानं, चारही बाजूंना निदान ६०० मिलिमीटर बाहेर, बाजूंनी हवा खेळती. ऊन पेटीवर पडत नाही, पाऊस भिंतीवर आपटत नाही, दोन पेट्यांमधला सांधाही कोरडा राहतो. ॲम्स्टरडॅममधल्या कीटवोनन या १००० खोल्यांच्या विद्यार्थी वसाहतीतही वर वेगळं छप्पर दिलं होतं, आणि तिथे आपल्यासारखा पाऊसही नाही.

विजेचं थोडक्यात: पूर्ण घरच लोखंडाचं आहे, म्हणून दोन अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक वायरीला रबरी ग्रोमेट.

रंगाबाबत एक गैरसमज पक्का बसला आहे, की कंटेनर ज्याचा बनतो त्या कॉर्टेन स्टीलला गंज लागत नाही. कोरड्या-ओल्या हवेच्या आवर्तनात त्याच्यावर घट्ट थर बसतो हे खरं, पण खाऱ्या हवेत तो थर स्थिरावत नाही आणि गंज आत जात राहतो. किनाऱ्यावर रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट पुरत नाही. कापलेल्या सगळ्या जागा घासून जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर ७५ मायक्रॉन, मध्ये इपॉक्सी १०० ते १२५, वर पॉलियुरेथेन ५०, आणि रंग पांढरा किंवा फिका.

आता खर्च. पेटी तुम्हाला बाहेरची भिंत, छत आणि तळ देते. पाया, वीज, नळ, खिडक्या, इन्सुलेशन, आतले बोर्ड, दुसरं छप्पर हे सगळं नेहमीसारखंच लागतं. म्हणून दार-खिडक्यांसाठी दोन-तीनच जागा कापून केलेलं ऑफिस, दुकान, शेतावरची खोली किंवा फिरता दवाखाना यांत कंटेनर खरोखर परवडतो आणि वेळ तर नक्कीच वाचतो. बाजू काढून केलेल्या कुटुंबाच्या घरात मात्र जांभ्याची भिंत आणि पत्र्याचं छप्पर त्याला सहज हरवतं. तुमच्या मूळ नकाशाबद्दल माझं मत तेच आहे. दोन पेट्या आणि मधली खोली असा बेत असेल, तर पेट्या घेण्याआधी इंजिनिअरकडून छपराचा आणि पायाचा आराखडा काढून परवानगीला टाका. मधली खोली साध्या बांधकामाच्या नियमांनी मोजली जाते, त्यामुळे मंजुरीचं कामही सोपं जातं.

राहायला लागल्यावर दर ऑक्टोबरला गोड्या पाण्यानं सगळं धुऊन चार जागा बघायच्या: दाराखालचं रबर, खालच्या रेलची आतली कड, खिडकीच्या वरचा अँगल आणि पेडेस्टलवरच्या प्लेटा. रंगाखाली फुगवटा दिसला की तिथेच खरवडून प्रायमर द्या. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवलं तर १.६ मिलिमीटरच्या पत्र्याला आरपार भोक पडू शकतं.